रडूबाई कुणाची?

भिंतीवरचा टीव्ही वरपासून खालपर्यंत हिरवा झाला तेव्हा सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. डॅशबोर्ड लावायचं काम माझं होतं, त्यामुळे कौतुकाचा मोठा वाटा माझ्या पदरात पडत होता, आणि तो नको म्हणण्याइतकी मी साधी नाही. तरीही आतून चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. घराला कुलूप लावून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही, हे आठवू नये तसं.

आमची कंपनी लिफ्टमधल्या मदतीच्या बेलचं सॉफ्टवेअर बनवते. लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने बटण दाबलं की कंट्रोल रूममधला फोन वाजायला हवा, आणि तिथल्या कुणीतरी “बोला” म्हणायला हवं. बस्, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं, पण लिफ्टच्या त्या लोखंडी डब्यात मोबाईलला रेंज नसते, आणि मग आतल्या माणसाची सगळी भिस्त त्या एका बटणावर असते. बटणापासून फोनपर्यंत जायला दोन वाटा आहेत. पहिली इमारतीच्या इंटरनेटची. ती तुटली तर दुसरी, लिफ्टला जोडलेल्या आमच्या पेटीतल्या सिमकार्डाची; त्याची अँटेना डब्याबाहेर असते.

लिफ्टमधल्या पेटीचं काम माझ्या धाकट्या दिरांची टीम बघते. कंट्रोल रूमच्या फोनचं काम ज्या बाईंची टीम बघते त्यांना सगळे ताई म्हणतात. मी या दोघांच्याही कामातली खोट काढणारी, म्हणजे टेस्टर. भाऊजी मला ऑफिसातही वहिनी म्हणतात, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची मी वहिनी झाले आहे. एका घरची माणसं एका ऑफिसात असली की कामं सोपी होतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवडाभर माझ्या खुर्चीत बसून दाखवावं.

आमच्या टेस्ट आपोआप चालतात. कुणी सॉफ्टवेअरमध्ये काही बदललं की सगळ्या एकामागून एक धावतात आणि पास-नापासचा निकाल ईमेलने येतो. तो ईमेल माझ्याशिवाय कुणी उघडत नसे. म्हणून साहेबांनी हा डॅशबोर्ड घेतला. प्रत्येक टीमची एक ओळ. टीमच्या सगळ्या टेस्ट पास झाल्या तर ओळ हिरवी, एक जरी नापास झाली तरी लाल. सोबत साहेबांनी स्वतःचा एक नियम जोडला. ओळ लाल असेल तर नवं व्हर्जन बाहेर जाणार नाही, आणि त्या टीमच्या प्रमुखाने चहाच्या वेळी टीव्हीसमोर उभं राहून सगळ्यांना कारण सांगायचं. हे ऐकताच भाऊजींचा आणि ताईंचा चेहरा उतरला, तो मी पाहिला होता. मनात म्हटलं, बरी जिरली.

सकाळी मी दोघांना डॅशबोर्डची लिंक पाठवली. सगळ्या टेस्ट समोर दिसतील, त्यातल्या आपल्या टीमच्या असतील त्यांवर टिक करा, असं ते काम होतं. मुलाकडची माणसं बघायला यावीत तशी दोघांनी तयारी केली. भाऊजींनी केबिनचं दार लावून घेतलं आणि ताईंनी तर चहासुद्धा जागेवर मागवला. दुपारच्या आत दोघांचं काम झालं. मग डॅशबोर्डने मला शेवटचा प्रश्न विचारला. ज्या टेस्टवर कुणीच टिक केली नाही, त्या दाखवायच्या की लपवायच्या? ‘लपवा’वर आधीच खूण होती.

मी जरा थांबले. माझ्या खुर्चीमागे साहेब उभे होते. दुपारी एक मोठा ग्राहक येणार होता, शंभर इमारतींचं काम देणारा, आणि त्याला हा टीव्ही दाखवायचा होता. साहेब म्हणाले, डॅशबोर्डवाले जे सुचवतात तेच ठेवा वहिनी, पहिल्याच दिवशी हुशारी नको. मी तेच ठेवलं. टीव्ही हिरवा झाला, टाळ्या पडल्या, आणि ओळी हिरव्या असल्यामुळे नवं व्हर्जन कुणालाही न विचारता बाहेर निघालं.

नवं व्हर्जन आधी एका इमारतीत जातं आणि संध्याकाळी बाकीच्यांत. ती पहिली इमारत म्हणजे आमची. मी, माझा नवरा, भाऊजी आणि सासूबाई तिथे सहाव्या मजल्यावर राहतो. घरच्या माणसांची सोय म्हणून नव्हे, तर आमच्या लिफ्टला तिसऱ्या-चौथ्या मजल्यामध्ये अडकायची खोड आहे म्हणून ती निवडली होती. जिथे बेल खरोखर लागते तिथेच ती आधी बघावी, हा साहेबांचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. सासूबाई त्यात निदान चारदा अडकल्या असतील. दर वेळी बेल दाबली की मिनिटभरात आवाज यायचा आणि वॉचमन चावी घेऊन धावायचा. बाहेर आल्यावर त्या शेजाऱ्यांना ऐकवायच्या, माझ्या धाकट्याने केलेली बेल आहे.

टाळ्या ओसरल्यावर त्यांचाच फोन आला. रस्ता खणणाऱ्या लोकांनी केबल तोडली होती, सगळ्या इमारतीचं नेट गेलं होतं आणि त्यांची मालिका ऐन रंगात बंद पडली होती. यात माझा काय दोष, हे मी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, आता घरात बसून भिंतींशी बोलू का, खाली मैत्रिणीकडे जाते. मैत्रिणीचा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे हल्ली रोजची बैठक तळमजल्यावर तिच्याकडेच असते. इन्सुलिनची सुई घेतली आहे, खायचं तिच्याकडेच बघीन, म्हणाल्या. मी बरं म्हणून फोन ठेवला. माझं लक्ष टीव्हीकडे होतं.

एव्हाना पाहुणे आले होते. साहेब, भाऊजी आणि ताई त्यांना घेऊन काचेच्या खोलीत बसले. तिथून टीव्ही समोरच दिसायचा. मी जागेवर बसून तो हिरवा रंग बघत राहिले, आणि काय चुकतंय ते हळूहळू माझ्या ध्यानात आलं. रडूबाईचा आवाज नव्हता.

रडूबाई हे आम्ही एका टेस्टला ठेवलेलं नाव. ही टेस्ट आधी इंटरनेट तोडते, मग बटण दाबते, आणि सिमकार्डाच्या वाटेने फोन लागतो का ते बघते. पूर्वी अधूनमधून नापास व्हायची, म्हणून ते नाव पडलं. गेला आठवडाभर मात्र ती दर वेळी नापास होत होती. भाऊजी म्हणत, पेटी कॉल पाठवते, ताईंचा फोन तो घेत नाही. ताई म्हणत, घ्यायला आधी कॉल यायला तर हवा. रोज सकाळी मी ईमेल उघडला की सगळ्यात वर तिचं रडगाणं असायचं. रोज रडणारं पोर अचानक गप्प झालं तर आई आधी ते कुठे आहे हे बघते. मी बघायला लागले.

भाऊजींच्या ओळीत ती नव्हती. ताईंच्याही ओळीत नव्हती. म्हणजे पास झाली नव्हती आणि नापासही दिसत नव्हती. मी लपवलेल्या टेस्टचं पान उघडलं. तिथे ती एकटीच बसली होती, लालभडक.

भाऊजींनी ती ताईंची म्हणून सोडली होती आणि ताईंनी भाऊजींची म्हणून. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा. मला आधी दोघांचा संताप आला, मग स्वतःचा. आणि मग सासूबाईंचं बोलणं कानात परत वाजलं. इमारतीचं नेट गेलंय. म्हणजे पहिली वाट बंद. नवं व्हर्जन पेटीत जाऊन बसलंय आणि त्यात दुसरी वाटही बंद. आणि त्या लिफ्टने खाली निघाल्या आहेत, पोटात अन्न नसताना इन्सुलिनची सुई टोचून घेऊन.

मी त्यांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आमच्या घरात रेंज आहे, जिन्यात आहे, तळमजल्यावर मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातसुद्धा आहे. नसते ती फक्त लिफ्टमध्ये. मैत्रिणीला लावला, तर त्या म्हणाल्या, अजून आल्या नाहीत, मला वाटलं डोळा लागला असेल. मी त्यांना खिडकीतून वॉचमनला हाक मारायला सांगितलं. त्या म्हणाल्या मारते, पण खणायच्या मशीनचा आवाज मला फोनमधूनही ऐकू येत होता. वॉचमनचा फोन वाजून वाजून बंद झाला. तो नक्की त्या रस्त्यावरच गंमत बघत उभा असणार.

मग मी दोन कामं केली. डॅशबोर्डवर एक नवी ओळ उघडली, तिला ‘वहिनी’ असं नाव दिलं आणि रडूबाईला उचलून तिच्यात टाकलं. टीव्हीवर भाऊजींच्या आणि ताईंच्या ओळीखाली माझी ओळ उगवली, लाल. संध्याकाळी इतर इमारतींत जाणारं व्हर्जन तिथल्या तिथे अडलं. आमच्या इमारतीतलं मात्र इथून मागे घेता येणार नव्हतं, कारण तिथपर्यंत पोचायलाच वाट उरली नव्हती. मग मी दार न वाजवता काचेच्या खोलीत शिरले.

सगळे टीव्हीकडेच बघत होते. पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. साहेब हसत होते, पण ते हसू फक्त दातांपुरतं होतं.

“वहिनी, ही ओळ कसली?”

“माझी,” मी म्हणाले. “बेलची दुसरी वाट बंद आहे. ती टेस्ट कुणाच्याच ओळीत नव्हती, म्हणून मी घेतली.”

ताई लगेच म्हणाल्या की ती पेटीवाल्यांची टेस्ट आहे. भाऊजी म्हणाले की ती फोनवाल्यांची आहे, तो विषय आठवडाभर चाललाय. पाहुण्यांसमोर दोघांनी एका श्वासात एकमेकांकडे बोट दाखवलं. साहेबांनी घसा साफ केला आणि यावर आपण उद्या बसून बोलू असं सांगितलं.

“वहिनी, ती कायमच रडते,” भाऊजी समजावल्यासारखे म्हणाले. “पाच मिनिटं दे, मी बाहेर येतो.”

“भाऊजी, घरचं नेट गेलंय,” मी म्हणाले. “आई लिफ्टमध्ये आहेत. सुई घेऊन निघाल्या होत्या, खाल्लेलं काही नाही. फोन लागत नाही.”

भाऊजी ताडकन उठले. खुर्ची मागे पडली ती उचलायलाही थांबले नाहीत. मी त्यांच्यामागे धावले. ताई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि पाहुणे साहेबांना काहीतरी विचारत होते, एवढंच मला दिसलं.

ऑफिस घरापासून लांब नाही, पण त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. मी मागे बसून वॉचमनला फोन लावत होते. भाऊजी स्कूटर चालवताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, पंखा बंद असेल. लिफ्ट अडकली की तिचा पंखा बंद पडतो, हे आम्हा दोघांना चांगलं ठाऊक होतं. ऑफिसात त्या पंख्यावरून कितीदा विनोद झाले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता उखडलेला होता. भाऊजींनी स्कूटर तशीच आडवी टाकली आणि मातीच्या ढिगाऱ्यावरून पलीकडे उडी मारली. वॉचमन खड्ड्याच्या काठावर उभा होता. मी त्याच्या हाताला धरून ओढलं. काय झालं, हे त्याने विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे बघून कमरेची चावी काढली.

तळमजल्यावर लिफ्टच्या दारावरचा आकडा तीनवर थांबलेला होता. आम्ही जिना चढलो. तिसऱ्यावर जाऊन भाऊजींनी दारावर हात आपटला आणि आईला हाक मारली. आतून काही उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. हा माणूस घरात कधी आवाज चढवत नाही, आणि तिथे त्यांचा आवाज फुटला. वॉचमनची चावी दोनदा भोकात बसली नाही. तिसऱ्यांदा मी त्याच्या हातातून चावी घेतली, आणि तेवढ्यात आतून बारीक आवाज आला.

“आलास का रे?”

दार उघडलं. लिफ्टची फरशी आमच्या छातीच्या उंचीवर होती. सासूबाई कोपऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या होत्या. अंगावरची साडी घामाने भिजली होती, ओठ पांढरे पडले होते आणि हात असा थरथरत होता की मांडीवरची पिशवीही हलत होती. भाऊजींनी आणि वॉचमनने त्यांना उचलून खाली घेतलं. समोरच्या दारातून शेजारीण बाहेर आली. मी तिच्याकडे साखरेचं पाणी मागितलं आणि तिथेच पायरीवर बसून त्यांना घोटाघोटाने पाजलं. पहिले दोन घोट ओठांतून बाहेर आले. तिसरा त्यांनी गिळला.

शेजारीण हळहळली. म्हणाली, अहो, मी मघाशी याच जिन्याने वर आले, एक हाक मारायची होती. वरच्या मजल्यावरचे काकाही इथूनच चढून गेले म्हणे.

“ऐकले की पाय,” सासूबाई म्हणाल्या. अंगात थोडी धुगधुगी आली होती. “कशाला उगाच लोकांना त्रास? यानेच सांगून ठेवलंय, एकदा दाबायचं, ओरडायचं नाही, हिरवा दिवा लागला की कुणीतरी निघालं असं समजायचं. दिवा लगेच लागला. फोनवर कुणी बोललं नाही, तेवढं खरं. पण म्हटलं, निघाला असेल.” मग शेजारणीकडे वळून त्या म्हणाल्या, “बघा, बेल दाबली आणि मुलगा दारात हजर. असं कुणाच्या घरी होतं?”

शेजारीण हो म्हणाली. मी भाऊजींकडे बघितलं. इथे गप्प बसणं किती सोपं होतं. माउली खूश होती, शेजारीण खूश होती, आणि मी काही बोलणार नव्हते. भाऊजी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांनी चपला हातात घेतल्या.

“आई, बेल वाजलीच नाही,” ते म्हणाले. “बटण दाबलं की दिवा लागतो. पुढे कुणापर्यंत पोचलं की नाही, हे त्या दिव्याला कळत नाही. ते बघायची एक टेस्ट होती. ती माझी नाही म्हणून मी सोडून दिली.”

सासूबाई त्यांच्याकडे वळल्या.

“मग तुला कळलं कसं?”

“वहिनीला कळलं.”

त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, उरलेलं पाणी संपवलं आणि पदराने तोंड पुसलं.

“म्हणजे मी आत मेले असते, तरी दिवा हिरवाच राहिला असता?”

भाऊजींच्या हातातली चप्पल खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता, आणि सकाळपासूनचा सगळा राग माझ्याकडे शिल्लकही होता, पण तो कुठे गेला कळलं नाही.

डॉक्टरांनी सासूबाईंना जिना चढायची मनाई केली आहे, म्हणून त्या शेजारणीकडेच थांबल्या. डॉक्टर येऊन तपासून गेले. भाऊजी लिफ्टच्या दाराशी पेटी उघडून बसले आणि ऑफिसातून ताई फोनवर. मी दोघांच्या मधे. या वेळी कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. पेटी नव्या पद्धतीने कॉल पाठवत होती आणि फोन जुन्या पद्धतीची वाट बघत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच आठवडाभर कुणाला चूक सापडली नव्हती. मधे एकदा मी मोबाईलवर डॅशबोर्ड उघडला. रडूबाई भाऊजींच्या ओळीत होती. ताईंच्याही होती. दोन्ही ओळी लाल होत्या, आणि त्या ग्राहकाने म्हणे साहेबांना विचारलं होतं की ही पाटी आमच्या माणसांनाही बघता येईल का. माझी ओळ मात्र मी काढली नाही.

उन्हं उतरली तेव्हा काम झालं. भाऊजींनी लिफ्ट तिसऱ्यावर आणून दार उघडं ठेवलं आणि बटण दाबायला हात पुढे केला. सासूबाई शेजारणीचा हात धरून दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, थांब, मी दाबते.

त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बटणाशेजारच्या स्पीकरच्या जाळीला कान लावून उभ्या राहिल्या. थोडी खरखर झाली आणि मग ताईंचा आवाज आला.

“बोला.”

“कोण बोलतंय?” सासूबाईंनी विचारलं.

ताईंनी आपलं नाव सांगितलं.

“खरंच बसली आहेस ना तिथे?”

“आहे काकू,” ताई म्हणाल्या. “इथेच आहे.”

सासूबाईंनी मान हलवली. मग भाऊजींकडे वळून म्हणाल्या, “आता चपला दे माझ्या.”